चार हातांचा पियानो

मित्रांनो, जयसिंगपुरात पियानो म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा मी तिथे आलो. त्याआधी चाळीस वर्षं मी एका शाळेत प्रार्थनेला साथ केली होती. ती शाळा बंद पडली आणि कापडाचे व्यापारी भरमाप्पा मला टेम्पोत घालून घरी घेऊन आले.

"ह्ये कपाट कशाला आणलंसा?" त्यांच्या बायकोने, दानम्माने विचारलं.

त्यांची रक्षिता तेव्हा नऊ वर्षांची होती आणि संगमेश सात. मिरजेहून एक बाई दोघांना शिकवायला येत. भावंडं एकाच बाकावर बसत. उजवीकडे उंच स्वरांशी रक्षिता, डावीकडे खालच्या स्वरांशी संगमेश. पुढे त्यांच्या शिक्षणासाठी सगळे कसबा बावड्यात राहायला आले. दोघांची जोडी पुण्यात गाजली, बंगळुरात गाजली, परदेशातही जाऊन आली. डोळे मिटले तर एकच माणूस वाजवतंय असं वाटतं, असं लोक म्हणत. मी त्या सभागृहांत कधी गेलो नाही. मी घरचा, सरावाचा. पण तयारी सगळी माझ्यावर झाली, याचा मला अभिमान होता.

मग संगमेशच्या उजव्या हाताची अनामिका आत वळू लागली. मला ते आधी कळलं, कारण एकेक पट्टी दाबली जाईना. रक्षितालाही कळलं. तिचा डावा हात त्याच्या उजव्या हाताला लागूनच असे. त्याचे सुटलेले सूर ती गुपचूप उचलू लागली; सगळे सूर कानावर पडत, म्हणून त्याला काही कळलं नाही. दीड वर्ष असंच चाललं. टाळ्या कमी झाल्या नाहीत.

एके दिवशी कार्यक्रमाचं चित्रीकरण मोबाईलवर आलं. संगमेशने बाकावर बसून ते तीनदा पाहिलं.

"अक्का, माझं सूर तू वाजवत हुतीस?"

"व्हय."

"मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू उठून गेला असतास."

"गेलो असतो. डॉक्टरकडं तरी गेलो असतो की."

तो गेला, पण उशिरा. सुरुवातीलाच थांबून उपचार घेतले असते, तर बोट बहुधा सुधारलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. संगमेश जयसिंगपूरच्या दुकानात बसू लागला. एकटीने वाजवण्याची आमंत्रणं रक्षिताने परत पाठवली. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत साचली.

गेल्या महिन्यात भरमाप्पांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला संगमेश आला. पाहुणे जेवून गेल्यावर तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"अक्का, अप्पांना आवडायचं ते वाजीव की."

रक्षिताने कपडे बाजूला ठेवले आणि वाजवू लागली. पण फक्त आपला भाग. जिथे एकट्या संगमेशचे सूर होते, तिथे ती हात मांडीवर ठेवून थांबे, मनात मात्रा मोजे आणि पुन्हा सुरू करी. अशाच एका रिकाम्या जागी संगमेशचा हात वर आला. क्षणभर तसाच राहिला. मग त्याने तो खिशात घातला.

"चुकलं माझं," रक्षिता माझ्याकडे बघतच म्हणाली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला, आणि दुपारच्या एसटीने निघून गेला.

मित्रांनो, वाद्याची धूळ पुसा, तारा जुळवून घ्या. आम्ही पुन्हा बोलू लागतो. पण आपल्या माणसाचा हात अडखळताना दिसला, तर त्याचं काम गुपचूप उरकू नका. तो रागावला तरी चालेल, त्याला वेळेवर सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.