सत्तावीस कानांवरचा तीळ

वैद्यकीय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या त्या कचेरीत एक अलिखित नियम होता. आकृतीतला अवयव कोणाचाच नसावा. कान असावा, पण अमक्याचा कान असू नये. नाक असावे, पण ते पाहून कोणाची आठवण येऊ नये. चित्रकार सहा वर्षे हा नियम इमानेइतबारे पाळत आला होता. स्वभावानेही तो तसाच होता. खोलीत असायचा, पण इतक्या बेताने, की असल्याचे कोणाच्या ध्यानीमनीही येऊ नये. संपादक नाना त्याला ‘मौनीबुवा’ म्हणत, आणि त्याच्या तोंडून चुकून एखादा ‘हो’ निघाला तर “ऐका हो, आज भाषण झालं!” अशी साऱ्या कचेरीला वर्दी देत.

त्या वर्षी तीन पुस्तके एकदम हातात होती: श्रवणाचे, त्वचारोगांचे आणि चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियांचे. पैकी श्रवणाच्या पुस्तकातले सत्तावीस कान शाईत उतरून नानांच्या टेबलावर पडले होते. दुसऱ्या दिवशी ते छापायला जायचे होते. त्वचारोगांच्या लेखिका, वयाने आणि आवाजानेही मोठ्या अशा डॉक्टरीणबाई, आपली प्रुफे न्यायला आल्या आणि सहज ते कागद चाळू लागल्या.

“नाना, हा तीळ कोणाचा?”

“कुठला तीळ?”

“हा काय, डाव्या पाळीवर. चौथ्या आकृतीतल्या तान्ह्या बाळाला आहे. अकराव्यातल्या आजोबांनाही आहे. तिळाची साथबिथ आली होती की काय? आणि सगळे कान डावेच कसे हो?”

नानांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, एकेक कागद उलटला आणि पुस्तकाच्या लेखकाला, म्हणजे कानाच्या डॉक्टरांना, फोन लावला. पलीकडून उत्तर आले, “अहो, तीस वर्षं मी कानाच्या आत बघतोय. बाहेरून बघायला सवड कुणाला आहे?”

चित्रकाराच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. तीळ कोणाचा, हे त्याला त्या क्षणी कळले; तोवर खरोखरच कळले नव्हते. खिडकीपाशी सूचीबाईचे टेबल होते. पुस्तकाच्या शेवटी येणारी शब्दसूची करणे हे तिचे काम. बुटांच्या रिकाम्या खोक्यात तिने कार्डे लावलेली असत. एका कार्डावर एक शब्द आणि तो जिथे जिथे येतो ती ठिकाणे. ती चित्रकाराकडे डावी बाजू करून बसे, आणि एखादा शब्द अडला की केस कानामागे सारून क्षणभर थांबे. तेवढाच क्षण. त्याने मुद्दाम काहीच केले नव्हते. हा सारा उद्योग हाताने परस्पर केला होता.

“मौनीबुवा, कान आणलात कुठून?” नानांनी विचारले.

“पुस्तकातून,” तो कसाबसा म्हणाला.

“मग तीळ वाटेत चिकटला असेल!”

सूचीबाई छापखान्यात गेली होती. दुपारी तीनला परतणार होती. तिने हे पाहिले तर ती रागावणार नाही, हे तो जाणून होता. ती फक्त आपले टेबल दुसऱ्या भिंतीशी लावून घेईल, आणि मग दिवसातून तेवढा उजेड कमी होईल. त्याने कागद आपल्या टेबलावर नेले, पाते उचलले आणि वाळलेली शाई टोकाने खरवडायला घेतली. बाळाचा तीळ गेला. आजोबांचा गेला. तीळ जाताच प्रत्येक कान पुन्हा कोणाचाच नसलेला होई, आणि नियमाप्रमाणे ठीक झालेला तो कान पाहून त्याला उगाच पोरके वाटे. सत्ताविसाव्यापाशी येऊन हात अडला तो अडलाच.

तेवढ्यात दार वाजले. सूचीबाई आत आली, टंकलिखित सूची नानांपुढे ठेवून पाणी प्यायला गेली. नाना बोट फिरवत वाचू लागले आणि ‘त’पाशी थबकले.

“‘तीळ, डाव्या पाळीवरचा: आकृती एक ते सत्तावीस.’ अगं, हे कधी लिहिलंस?”

“गेल्या महिन्यात, आकृत्या आल्या तेव्हा,” ती तिथूनच म्हणाली. “पुस्तकात आहे ते सूचीत यायलाच हवं, असं तुम्हीच सांगता ना?”

“पण बुवांनी तर सगळे खरवडून टाकले!”

ती चित्रकाराच्या टेबलापाशी आली. पाते, कागदावरची काळी भुकटी, त्याचे लाल झालेले कान, सारे तिने निरखून पाहिले आणि कागद मोजले.

“सव्वीस गेले. हा राहिला.”

“तो... जमेना.”

“मग माझी ओळ दुरुस्त करायला हवी.” तिने लाल पेन्सिलीने ‘एक ते’ एवढेच खोडले. “डॉक्टरीणबाई, एक चालेल ना?”

“एखाद्याला असतो तीळ. तो निरुपद्रवी दिसतोय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांची नजर मात्र तिळावर नव्हती, चित्रकारावर होती.

“आणि आपला नियम?” नानांनी विचारून पाहिले.

“तो सूचीत कुठे आहे, नाना?”

मग तिने आपली खुर्ची उचलली आणि चित्रकाराच्या अगदी समोर आणून ठेवली.

“आता शस्त्रक्रियेचं पुस्तक घ्यायचंय ना तुम्हाला? त्याला समोरून चेहरा लागतो. एका कानावर किती दिवस भागवणार? मात्र आधीच सांगून ठेवते, माझ्या नाकात सुधारणा करायच्या नाहीत. आहे तसं काढायचं.”

चित्रकाराने मान वर केली. समोरून ती त्याला जवळजवळ अनोळखी होती. कुठून सुरुवात करावी, हेच कळेना.

“सकाळी दहाला,” तो म्हणाला, “खिडकीपाशी उजेड चांगला असतो. उद्या... तुम्हाला सवड असेल तर.”

नानांनी कचेरीला वर्दी देण्यासाठी तोंड उघडले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, आणि त्यांनी ते मुकाट्याने मिटले.