भिंगरीची लेक

एका जागी म्हणून टिकत नसे, म्हणून सगळे त्याला भिंगरीच म्हणत. लिफ्टदुरुस्तीचं काम त्याला मानवलं होतं, दिवसभर वरखाली. पण बायकोचं ब्लड प्रेशर भलतंच चढलं, सातव्या महिन्यातच ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं, आणि त्याचे पाय ठरेचनात. घटकेत बायकोच्या वॉर्डात, घटकेत बाळाच्या काचेच्या पेटीपाशी.

पेटीतली लेक ओंजळीत मावेल एवढी. नाकात नळी, कातडी इतकी पातळ की शिरा दिसत.

"काही आणायचंय का?" त्यानं सिस्टरला सतरांदा विचारलं.

"काही नको. हात धुवा, शर्टाची बटणं काढा आणि बसा. बाळाला छातीशी धरायचंय. अंगाची ऊब मिळाली की ही बाळं सावरतात."

"पण तिची आई..."

"आईला अजून उठवत नाही. बापही चालतो."

लेक छातीवर आली. जरा वेळ बरा गेला, आणि मशीन केकाटलं. बाळ निपचित, ओठ निळसर. सिस्टरनं दोन बोटांनी पाठ चोळली, तशी ती दचकून श्वास घेऊ लागली.

"लवकर जन्मलेली बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. मेंदू कच्चा असतो ना. हळूच चोळायचं."

"घ्या हिला! माझ्यानं नाही व्हायचं!"

तो तडक बायकोकडे गेला.

"कशी आहे?"

"ठीक."

"खरं सांग."

पलंगाभोवती येरझारा घालत त्यानं सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

"मला उठता येत नाही, तुला बसता येत नाही," ती म्हणाली. "कुणाला तरी जमवावंच लागेल. आणि टाके मला पडलेत."

त्याला रडता रडता हसू फुटलं. तो परत जाऊन बसला. लेकीला पुन्हा छातीशी घेतलं. मशीन पुन्हा केकाटलं, तेव्हा सिस्टर पोचायच्या आत त्याचं बोट लेकीच्या पाठीवर फिरत होतं.

मग तो रोज बसू लागला. बायको चालू लागली, तशी पाळी वाटून घेतली. नळ्या निघाल्या, लेक अंगावर पिऊ लागली, वजन धरलं, आणि एकदाची घरी आली.

घरी मात्र मशीन नव्हतं. भिंगरी दर थोड्या वेळानं तिच्या नाकाशी गाल नेई. एकदा तर ती भुकेनं टाहो फोडत असतानाही तो वाकलाच.

"अरे, रडतेय ती!" बायको ओरडली. "श्वासाशिवाय रडता येतं का कुणाला? सरक, पाजू दे मला."