निम्म्या किमतीतलं कपाट

घड्याळजींना मोबाइलवर मनासारखं कपाट सापडलं आणि त्यांना आकाश ठेंगणं झालं. शिसवी लाकूड, पितळी कड्या आणि किंमत निम्मी. विकणारा घाई करत होता, "आगाऊ पैसे आत्ता टाका, नाहीतर दुसरा नेतोय."

"अगं, लवकर ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "आपलं ते जुनं धूड विकून टाकू. याला म्हणतात कपाट."

पैसे पाठवायला त्यांचा हात शिवशिवत होता. बायकोने मोबाइल हिसकावून फोटो मोठा केला.

"हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी," ती म्हणाली. "आधी बघायला येतो म्हणायचं, मग पैशाचं. आणि दाराच्या खालच्या कडेचे हे ओरखडे बघा. आपल्या मांजरीचे आहेत."

"आपल्या?"

"कपाटावर लटकवलेले तुमचे शर्ट उतरवून, तेलाने पुसून, परवा मीच हा फोटो काढला आणि आपलं कपाट विकायला टाकलं. त्या भामट्याने फोटो उचलला."

घड्याळजी गर्रकन वळले. मागे तेच कपाट उभं होतं, पुन्हा त्यांच्या शर्टांनी झाकलेलं. त्यांनी एकेक शर्ट काढला, पितळी कडीवरून हात फिरवला.

"आपलं विकणं रद्द कर," ते म्हणाले. "असं कपाट पुन्हा मिळायचं नाही."