झाकलेली पायरी

संघर्षने ट्रक नॉटिंगहॅमच्या त्या अरुंद गल्लीत वळवला, तेव्हा आरशातली रुपेरी गाडीही वळली. चाचणी-मैदानाच्या फाटकापासून ती मागे होती. बाजारात न आलेल्या गाड्यांचे चोरून फोटो काढून मासिकांना विकणारा कुणीतरी असणार.

ट्रक त्याचा नव्हता. एका अमेरिकन कंपनीचा, अजून बाजारात न आलेला, ओळखू येऊ नये म्हणून अंगभर काळ्यापांढऱ्या नक्षीचं आवरण चिकटवलेला अजस्र पिकअप होता तो. तिकडच्या शेतकऱ्यांना नि बांधकामवाल्यांना असेच लागतात, आणि ते कुणी विकायचे यावरून दोन कंपन्यांची हातघाई चालली होती. एकीने इंजिन वाढवलं की दुसरी जास्त वजन ओढून दाखवायची. यंदा संघर्षच्या कंपनीला वेगळंच सुचलं होतं. मागचा फाळका उघडला की त्यातून बाहेर सरकणारी पायरी! एवढ्या उंचावर चढताना गुडघे सगळ्यांचेच दुखत होते, इलाज मात्र कुणी केला नव्हता. जानेवारीच्या प्रदर्शनापर्यंत ती कुणाच्या नजरेस पडता कामा नये. पडली, तर समोरची कंपनी आधीच तशी पायरी जाहीर करून मोकळी होईल. मग पायरीचं काम करणारं इथलं छोटं ऑफिस, त्यातला संघर्ष आणि त्याचं वर्क परमिट, सगळं एका फोटोपायी बुडेल.

ट्रक सरळ वर्कशॉपला न्यायचा, वाटेत कुठेही थांबायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण सकाळीच सुखदेवकाकांचा फोन आला. नागपूरहून आलेली बुद्धमूर्ती गोदामात अडकली होती, भाड्याची व्हॅन बंद पडली होती आणि विहारात माणसं जमली होती. नवा नवा या देशात आला तेव्हा संघर्ष काकांच्याच घरी राहिला होता. नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. गोदामात फोर्कलिफ्टने मूर्ती चढवली, पायरीची गरजच पडली नाही. उतरवताना काय करायचं, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

विहारासमोर पांढऱ्या साड्या नि पांढरे सदरे दाटीवाटीने उभे होते. रुपेरी गाडी कोपऱ्यावर थांबली.

"दोर मीच सोडतो," म्हणत काकांनी फाळक्यावर गुडघा टेकला आणि ते घसरले.

"काका, तुम्ही राहू द्या!"

"कायले राहू देऊ? वीस वर्षं वाट पाहिली या दिवसाची."

दुसऱ्यांदा घसरताना त्यांचं डोकं फाळक्यावर आपटता आपटता राहिलं. संघर्षचा हात आपोआप खटक्यावर गेला. पायरी सरकून बाहेर आली. काका एका दमात वर चढले, दोर सोडून पुन्हा पायरीवर उतरले आणि त्यांनी मूर्तीचा तळ छातीशी धरला. खालून चौघांनी हात दिले.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गाडीची काच खाली आली. हातभर लांबीची लेन्स बाहेर डोकावली.

आता पायरी आत ढकलायची तर काकांना हलवायला हवं होतं. काका हलले तर संगमरवरी मूर्ती रस्त्यावर आदळणार. संघर्ष विमलाबाईंकडे धावला. विहाराचा सगळा कारभार त्यांच्याच शब्दावर चाले.

"काकू, सगळ्यांना ट्रकच्या मागे उभं करा. खेटून. फट ठेवू नका."

"काऊन रे?"

"नंतर सांगतो. माझी नोकरी जाईल."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. "चला बायांनो, इकडं या! त्रिशरण इथंच घेऊ. धम्मशीला, तू टोकाला. अगं, फोन ठेव!"

"आंटी, माझा चप्पल तिकडे राहिला."

"राहू दे तुझा चप्पल!"

पाहता पाहता ट्रकमागे पांढरी भिंत उभी राहिली. त्रिशरण सुरू झालं. कॅमेरावाला गाडीतून उतरून चालत आला, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, टाचा उंचावून पाहू लागला. शेवटी अदबीने म्हणाला, "सॉरी, जरा बाजूला होता का?"

विमलाबाईंनी डोळे न उघडता इंग्रजीत बजावलं, "प्रेयर. तुम्हीही उभे राहा."

बिचारा उभा राहिला. त्याने कॅमेरा खाली घेतला. भिंतीमागे मूर्ती इंचाइंचाने उतरली. काका उतरले आणि खटका वाजला. फाळका बंद झाला.

माणसं पांगली तसा तो संघर्षजवळ आला. "मागचं काही मिळालं नाही. पण प्रोटोटाइपवरून देव उतरवताना, हा फोटोही बरा आहे. तुमच्या साहेबांना ठाऊक आहे ना?"

पायरी वाचली होती, संघर्ष स्वतः उघडा पडला होता. साहेबाला हे मासिकात वाचायला लागण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं, असं मनाशी म्हणत त्याने फोन लावला.

सगळं ऐकून साहेबाने, ग्रॅहमने, एवढंच विचारलं, "पायरी दिसली?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. माणसं उभी होती."

"ट्रक सरळ इकडे आण. किल्ली माझ्या टेबलावर. बाकीचं सोमवारी."

विमलाबाईंकडून कळताच आतून सुखदेवकाका आले. "काय म्हणते साहेब? नोकरीवर आलं का पोरा?"

"माहीत नाही, काका."

"मग दर्शन तरी घेऊन जा."

संघर्षने एकदा ट्रककडे पाहिलं. मग बूट काढले आणि तो आत गेला.