चुरी सरांची कादंबरी

“शकूताई, तिसरीतल्या मंजुळाचा दाखला आजच लिहून टाका. नाव कमी करायचंय,” चुरी सर म्हणाले आणि पुढच्या प्रतीवर सही करू लागले. टेबलावर त्यांच्याच कादंबरीच्या पंचवीस प्रती होत्या. कादंबरीला बक्षीस मिळालं होतं, संध्याकाळी बोईसरला सत्कार होता. सत्काराला येणाऱ्यांना सहीचं पुस्तक न मागताच मिळणार होतं.

कादंबरी मुलांसाठी. मच्छीमारांच्या वस्तीतल्या मालीला अक्षरं ओळखता येत नाहीत, सगळे तिला मठ्ठ म्हणतात. मग एक प्रेमळ गुरुजी तिला वाळूत अक्षरं गिरवायला शिकवतात आणि माली वर्गात पहिली येते. गुरुजींना सोनेरी काडीचा चष्मा आहे. तसा चष्मा आमच्या शाळेत एकाच माणसाला आहे. पुस्तक वाचून दोन दिवस माझं डोकं ठणकत होतं.

कारण खरी माली मला ठाऊक होती. ती याच वस्तीतली चंद्रकांता. एकवीस वर्षांपूर्वी मी इथे नवी कारकून होते आणि चुरी तिसरीचे मास्तर. वाळू राहू द्या, त्यांनी तिला कधी फळ्याजवळही बोलावलं नाही. वर्षअखेर ‘हिच्या डोक्यात कांदेबटाटे भरलेत’ म्हणाले आणि मला दाखला लिहायला सांगितला. मी लिहिला. अक्षर छान आलं होतं, तेही आठवतं, आणि त्याची लाज वाटते.

मंजुळा ही त्याच चंद्रकांताची मुलगी. तिचंही आईसारखंच, वाचताना अडायची. आता चुरी हेडमास्तर होते, तपासणी तोंडावर आली होती आणि साहेबांना शंभर टक्के निकाल दाखवायचा होता.

निरोप मिळाला तशी चंद्रकांता बाजाराला निघालेली टोपली घेऊनच आली. मुलीचा हात धरून दाराशी उभी राहिली.

“सर, हिला काढू नका. एक वरीस बगा. हिला येते, पन दाखवाया लागते.”

“अगं ये, ये. तुझ्यावरच तर पुस्तक लिहिलंय मी. माली म्हणजे तूच,” सर म्हणाले आणि बिचारीला काही कळायच्या आत पहिलं पान वाचू लागले. “कोवळ्या उन्हात माली बोंबलांच्या शेपट्यांना दोरा बांधून ते वाळत टांगत होती...”

“शेपट्यांना?” चंद्रकांताने विचारलं.

“हो. का?”

“बोंबील शेपटीनं नाय टांगत, सर. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडी करायची, मंग ती दोरीवर टाकायची. माजी मंजू चार वरसांची व्हती तवा शिकली. तीनदा दाखवलं, चवथ्यांदा तिनं केलं.”

मी हसू दाबलं नाही. एडवणपासून मुरब्यापर्यंतच्या किनाऱ्यावरचं कुठलंही शेंबडं पोर हे सांगेल. हा माणूस वीस वर्षं वाळवणाशेजारून सायकल हाकतोय, नाकाला रुमाल लावून. मान वळवून कधी बघितलं नाही. बक्षीस देणाऱ्यांनी तरी कुठे बघितलं होतं म्हणा.

सरांचा चेहरा उतरला. “हे बालवाङ्मय आहे. मुलांना एवढं कळत नाही.”

“आमच्या पोरांना कळते,” ती म्हणाली.

सरांनी एक प्रत तिच्या हातात कोंबली. “सही केलीय. घरी घेऊन जा. शकूताई, दाखला.”

चंद्रकांताने पुस्तक परत गठ्ठ्यावर ठेवलं. “माला वाचता नाय येत. हिला शिकवा, मंग ती वाचंल माला.” आणि मुलीला घेऊन ती सरळ वर्गाकडे गेली.

सर माझ्याकडे बघत होते. मी दाखल्यांचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. “तुम्हीच लिहा, सर. मी या घरातल्या एका मुलीचा एकदा लिहिलाय.”

त्यांनी पेन उचललं, पुन्हा आपल्या कादंबरीवरच सही केली.

बाहेर चंद्रकांताने मंजुळाला पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वतः वर्गाच्या दारातच बसली, नजर मुलीच्या पाठीवर. बाजाराला जाणारी पालघरची एस.टी. गेली. टोपलीतल्या मासळीवर माश्या घोंगावू लागल्या, तरी ती उठली नाही. दुपारी सत्काराला निघालेल्या चुरी सरांना तिला वळसा घालून जावं लागलं.