छायाची सोंगटी

माझी बायको छाया गेल्याचं कळलं तेव्हा मी गॅलरीत सोंगट्यांना रंगाआधीचा प्रायमर मारत होतो. ती घोटीला आईकडे गेली होती. तिथे सकाळी चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मेहुण्याने, किशोरने, फोनवर एवढंच सांगितलं. माझ्या हातात होती ती तिचीच सोंगटी.

टेबलावर मांडून खेळायच्या खेळातली ही अंगठ्याएवढी माणसं. छाया ती गिऱ्हाइकांना रंगवून द्यायची. या तीन मात्र घरच्या, आम्हा तिघांच्या, आमच्या लेकीने, रूपालीने, हट्टाने बनवून घेतलेल्या. माझी आणि रूपालीची रंगवून झाली होती. स्वतःची छायाने शेवटी ठेवली होती.

सावळ्या कातडीचं काम लोक तिच्याकडेच द्यायचे. तपकिरीत थोडा निळा, ओठांना नि बोटांच्या पेरांना लालसर हात. उजेड दाखवायला पांढरा कधीच नाही. "पांढरा घातला की माणूस राखेत लोळल्यासारखा दिसतो," म्हणायची. स्वतःच्या कातडीसारखा रंग हवा असला की ती मनगटावर ठिपका द्यायची. ठिपका दिसेनासा झाला की रंग जमला.

दहाव्यानंतर मी तिची सोंगटी घेऊन बसलो. रंग कालवला, माझ्या मनगटावर ठिपका दिला. तो दिसतच राहिला. मी तिच्याहून बराच उजळ आहे.

मग फोटो काढले. लग्नाच्या अल्बममध्ये ती मेकअपने पांढरी. मोबाइलमध्येही गोरीच. भिंतीवर लावायचा फोटो गोटीरामच्या स्टुडिओत केला होता, तिथे गेलो.

"वहिनींना जरा उजळ करून दिलंय दादा."

"ती अशी नव्हती."

"हार घालायच्या फोटोत सगळेच गोरे असतात."

"मूळ फोटो आहे का?"

"तुम्हीच पाठवलेला. मोबाइलनं तो आधीच गोरा केलेला."

सासूबाई आल्या तेव्हा त्यांना विचारलं, "आई, छाया नेमकी किती सावळी होती? तुमच्या हाताएवढी?"

त्यांनी हात पदराखाली घेतला. "सावळी कुठं? निमगोरी होती माझी पोर. सोयरिकीच्या कागदावर तेच लिवलं व्हतं."

"आई, आता कोण बघायला येणार आहे तिला?"

त्या रडायला लागल्या. मी रंगाची झाकणं लावली.

शेवटी वेगवेगळे रंग कालवून रूपालीपुढे ठेवले. तिने एकावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच रंगावर ठेवलं. "मला आता नक्की आठवत नाही, पप्पा," म्हणाली. मलाही आठवत नव्हतं. छायाशेजारी इतकी वर्षं बसलो, पण पाहत होतो ते ब्रशकडे.

सोंगटीची साडी हिरवी केली. केस झाले, खेळासाठी तिच्या हाती दिलेलं धनुष्य झालं. चेहरा, मान आणि दोन्ही हात अजून प्रायमरच्या राखाडी रंगातच आहेत. ते रंगवायचे राहिले आहेत.