अर्धी पेटी

पाचवी गोळी झाडून सॉल्वेगने रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि ती लक्ष्याच्या तीन कागदांकडे चालू लागली. मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. मोंटानाच्या या भागात वारा सुटला की बारीक काडतुसांची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो, म्हणून ती उजाडल्याबरोबर आली होती.

महागड्या जर्मन काडतुसांनी पहिल्या कागदभर भोकं पाडली होती. दुसरी डबी त्यापेक्षा बरी. आणि सगळ्यांत स्वस्त डबीतल्या पाचही गोळ्या एकाच ठिकाणी लागून, नखाएवढं एकच फाटकं भोक पडलं होतं. तिने तो कागद काढून त्याची नीट घडी केली.

पॉइंट बावीसच्या रायफलचं असंच असतं. तिला कुठली काडतुसं मानवतील ते झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मानवली की त्याच लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या त्याच खेपेची, अख्खी पेटी घेऊन टाकायची. पुढचा लॉट त्याच नावाचा असला तरी तसा निघेलच याचा भरवसा नाही. दर वर्षी हे काम तिचा नवरा ऑर्व्हिल करायचा, ती शेजारी कॉफी घेऊन बसायची. एप्रिलमध्ये तो गेला. तेव्हापासून शनिवारच्या नेमबाजीच्या स्पर्धेत त्याची रायफल घेऊन ती उतरत होती. घरात शनिवार फार लांबायचा.

काडतुसांच्या दुकानात मालक वेडने तिने आणलेल्या डबीवरचा लॉटचा आकडा पाहिला आणि मान हलवली.

"या लॉटची एकच पेटी उरलीय, सॉल्वेगबाई. त्यातली अर्धी एल्मर टॉफ्टची. फोनवर सांगून ठेवलीय त्याने."

कोटाच्या बटणावरचा तिचा हात थांबला. एल्मरने आणि ऑर्व्हिलने एकाच दिवशी, एकाच फळीवरून सारख्या रायफली घेतल्या होत्या. तेव्हापासून पेटीही निम्मी-निम्मी. आणि हाच एल्मर ऑर्व्हिलला पुरायला आला नव्हता. नंतर चार ओळींचं पत्रसुद्धा नाही.

"विचारून बघा त्याला," वेड म्हणाला. "स्पर्धेला येत नाही हल्ली. काडतुसं मात्र चुकवत नाही, शेजाऱ्याला पाठवतो. अख्खी पेटी घेतलीत तर स्वस्तात पडेल."

"विचारते. मला त्याला आणखीही एक विचारायचंय."

एल्मरच्या अंगणात ट्रक उभा होता. चाकांभोवती गुडघाभर गवत वाढून वाळलं होतं. दार उघडून त्याने तिच्या खांद्याच्या जरा बाजूला पाहिलं.

"कोण?"

"मी, सॉल्वेग."

"ये, ये. वाऱ्याला आत घेऊ नकोस."

त्याने कॉफी ओतली. ओतताना एक बोट कपाच्या काठातून आत धरलं होतं. कॉफी बोटाला लागली तसा तो थांबला. त्याच्या मागच्या फळीवर काडतुसांच्या डब्या ओळीने लावलेल्या होत्या. एकही फोडलेली नव्हती. गाडीत घोकलेलं सगळं बोलणं तिच्या तोंडातच राहिलं. काय करावं ते न सुचून तिने खिशातला कागद काढून त्याच्या हाताला लावला.

एल्मरने तो टेबलावर पसरला, बोटाच्या टोकाने भोक शोधलं आणि त्याच्या काठावरून हळूहळू बोट फिरवलं.

"पाचही?"

"पाचही."

"ऑर्व्हिलची रायफल. झाडल्या कुणी?"

"भुताने! मीच की."

तो हसला. तिने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं.

"ट्रक कधीपासून उभा आहे?"

"मार्चमध्ये गाडीचा परवाना काढून घेतला त्यांनी माझा. समोरचा माणूस दिसत नाही म्हटल्यावर काय करतील?"

"मला सांगायचं होतंस. कुणाला तरी पाठवलं असतं न्यायला."

"त्या दिवशी? तुझ्याकडे गाडी मागायची?"

तिने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पेटीसाठी आली असशील," एल्मर म्हणाला. "अख्खी घेऊन जा. मला आता काय करायचीय?"

"मग राखून कशाला ठेवलीस?"

तो कपाचा कान इकडून तिकडे फिरवत राहिला.

"नवा माल आला की वेड फोन करतो. आणि बोलायला लागला की थांबत नाही गं. कुणी कुणाला हरवलं, कुणाची रायफल अडली. घेणंच बंद केलं तर तो कशाला फोन करेल?"

ती परतली तेव्हा वेड दुकान बंद करायच्या बेतात होता. तिला पाहून त्याने पेटी पुढे ओढली.

"मग? दिली का त्याने?"

"नाही. त्याची त्याला हवीय. माझी अर्धी दे."

"अर्धी महाग पडते, आधीच सांगतो."

"पडू दे."

त्याने पेटीवरची पट्टी कापली आणि डब्या दोन भागांत मांडल्या. "बरा आहे ना म्हातारा?"

"बरा आहे."

तिने आपल्या डब्या पिशवीत भरल्या आणि दारापर्यंत गेली. तिथे ती थांबली.

"वेड, पुढचा लॉट आला की त्याला फोन करशील ना?"

"म्हणजे काय! पहिला त्यालाच."

"हं," ती म्हणाली. दाराची कडी तिच्या हातात तशीच होती. "आणि त्याच्याशी बोलून झालं, की मग मला कर."